फ्लॅटमधलं पाळणाघर आणि मुलांचा गलका: कुठून सुरुवात करायची, काय काय बदलायचं

फ्लॅटमध्ये पाळणाघर चालवणाऱ्या बाईला दोन प्रश्न ठरलेले असतात. पालक विचारतात, “आज जेवला का नीट?” आणि शेजारी विचारतात, “सध्या किती मुलं आहेत हो तुमच्याकडे?” शेजाऱ्यांना आकडा नको असतो. त्यांना काय म्हणायचंय ते आपल्याला कळतं, आणि आपण ओशाळं हसून “आठच” म्हणतो.

हा लेख त्या ‘आठच’वाल्यांसाठी आहे. दोन बेडरूमचा फ्लॅट, एक ते आठ वर्षांची आठ-दहा मुलं, मदतीला एक मावशी, आणि वर, खाली, भिंतीपलीकडे राहणारी माणसं, असं धरून मी लिहितेय. तळमजला आणि पुढे अंगण असेल तर यातला निम्मा त्रास तुमच्या वाट्याला येणार नाही.

माझं मत आधीच सांगते. गलका आवरायचा म्हणजे मुलांना गप्प बसवायचं, असं समजून कामाला लागलात तर आठवडाभरात तुमचाच घसा बसेल. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे बाई वर्गात उभ्या असेपर्यंतच चालतं, हे आपण सगळ्यांनी शाळेत स्वतः करून पाहिलंय. दोन वर्षांच्या मुलाला तर तेवढंही जमत नाही. त्यामुळे आधी खोली बदलायची, मग दिवसाची आखणी, मग मोठ्यांचं बोलणं. मुलांना शिकवायचं ते त्यानंतर. बहुतेक जणी हा क्रम उलटा करतात आणि दिवसभर “शूऽऽ” करत बसतात.

१. आठवडाभर फक्त नोंद करा

एक जुनी वही स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवा. गलका वाढला की वेळ, कुणाचा आणि कशाचा आवाज, एवढं एका ओळीत लिहा. ‘११.४०, सगळे, भूक.’ ‘१२.५०, शाळेच्या व्हॅनमधून तिघं आले, दप्तरं फेकली.’ ‘४.१०, ठोकळे फरशीवर ओतले.’ आठवडाभरात लक्षात येतं की दिवसभर गोंधळ असतो हे आपलं वाटणं खरं नाही. गोंधळाच्या चार-पाच ठरलेल्या वेळा असतात: सकाळी आई-बाबा सोडून जाताना, जेवणाआधीचा अर्धा तास, शाळेतली मुलं येतात तेव्हा, दुपारच्या झोपेनंतर, आणि संध्याकाळी बेल वाजायला लागली की. उपाय या वेळांवर करायचा असतो.

हवं तर मोबाइलवर आवाज मोजणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या. त्याचा आकडा तंतोतंत नसतो, पण फोन रोज त्याच कपाटावर ठेवून घेतलेले आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. डेसिबलचं गणित साध्या बेरीज-वजाबाकीचं नाही. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून ७५ वरून ७० वर आलात तरी ती थोडकी कमाई समजू नका.

नोंदीत आणखी एक खूण करा. आवाज तोंडातून आला की हातापायांतून? ओरडणं, रडणं, गाणं हा एक प्रकार. धावणं, उड्या, खुर्ची सरकवणं, वस्तू पाडणं हा दुसरा. पहिला हवेतून दार-खिडकीवाटे बाहेर जातो, दुसरा स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो. शेजाऱ्यांची तक्रार बहुधा दुसऱ्या प्रकाराची असते आणि आपण ओरडत असतो पहिल्या प्रकाराला.

२. खोली

इथे वेळ आणि थोडे पैसे खर्च करा, कारण एकदा केलेलं काम पुढे रोज उपयोगी पडतं.

आपल्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, रंगवलेल्या सपाट भिंती आणि काँक्रीटचं छत असतं. यातलं काहीही आवाज शोषत नाही. भिंतीवर पडलेला आवाज जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. बारा बाय दहाची खोली मोकळी करून दारं-खिडक्या बंद केल्या आणि एक टाळी वाजवली, तर ती पुरती विरायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात मुलांनी आणखी चार शब्द उच्चारलेले असतात. आधीचा आवाज विरायच्या आत पुढचा, असा तो साचत जातो. वॉलेस सबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका व्याख्यान-सभागृहात खुर्च्यांवरच्या गाद्या आणून ठेवत याचं मोजमाप केलं होतं: जितकं मऊ सामान जास्त, तितका आवाज लवकर विरतो. आपल्याला तेच करायचंय, आणि गाद्या तर आपल्याकडे आहेतच.

त्याच बारा बाय दहाच्या खोलीत शंभर-एक चौरस फूट मऊ पृष्ठभाग आणता आला, म्हणजे जाड पडदे, जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर गोधडी, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या गाद्या, लोड-तक्के, तर आवाज विरण्याचा वेळ निम्म्याहून खाली येतो आणि खोलीतला गलका चार-पाच डेसिबलनी उतरतो. त्यासाठी कुणाला एक शब्द बोलावं लागत नाही.

पडदा घेताना पातळ, झिरझिरीत घेऊ नका. जाड कापड, खिडकीच्या दीडपट-दुप्पट रुंद, म्हणजे चुण्या पडतील. चुण्यांमुळेच तो आवाज जास्त शोषतो. मुलांची चित्रं लावायला भिंतीवर कागदी तक्त्याऐवजी जुनी चादर किंवा फेल्ट लावलेला सॉफ्टबोर्ड लावा. पुस्तकं आणि कापडी बाहुल्या बंद कपाटात ठेवण्यापेक्षा उघड्या फळीवर ठेवा.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला इंटरनेटवर हमखास मिळतो. करू नका. पलीकडे जाणारा आवाज त्यांनी अडत नाही, झुरळं मात्र पोसली जातात आणि आग लागली तर ते भराभर पेटतात. थर्माकोलचंही तसंच, तो आवाज शोषत नाही आणि जळताना विषारी धूर सोडतो. लहान मुलांच्या खोलीत दोन्ही नकोत.

आता पायांचा आवाज. इथे एक साधी गोष्ट फार कामाची आहे. बहुतेक इमारतींत सगळ्या मजल्यांचा नकाशा सारखाच असतो, म्हणजे तुमच्या बेडरूमखाली खालच्यांची बेडरूम आणि हॉलखाली हॉल. पळापळीचे खेळ हॉलमध्येच ठेवा. ‘बेडरूम मोठी आहे, पलंग काढला की मोकळी जागा होते’ असा विचार करून खेळायची खोली बेडरूममध्ये केलीत, तर दुपारी आडवे झालेल्या आजोबांच्या डोक्यावर थेट शिवणापाणी चालू होईल.

एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट बाजारात मिळतात. पातळ घेऊ नका. निदान वीस मिलिमीटर जाडीच्या घ्या आणि त्यांच्याखाली जुनी सतरंजी अंथरा. खेळणी पडल्याचा, बारीक पावलांचा आवाज यांनी चांगला कमी होतो. सहा वर्षांच्या मुलाने सोफ्यावरून मारलेल्या उडीचा धपका मात्र मॅट थांबवू शकत नाही. तो स्लॅबच हलवतो. त्याला उपाय एकच, उडी गादीवर मारायची. एक जुनी कापसाची गादी त्यासाठी कोपऱ्यात कायमची टाकून ठेवा. नियम ‘उडी मारू नको’ असा न करता ‘उडी गादीवर’ असा केला की मुलांना तो पाळता येतो.

किरकोळ दिसणाऱ्या पण रोज छळणाऱ्या गोष्टी या: खुर्च्या-टेबलांच्या पायांना रबरी बूट घाला. ठोकळ्यांची बादली कधीही फरशीवर ओतू द्यायची नाही. एक जाड चादर पसरायची, तिच्यावर ओतायचे, खेळ झाला की चार टोकं धरून गाठोडं करायचं. आवाजही कमी आणि आवरायलाही अर्धं मिनिट. जेवायला स्टीलची ताटं ठेवायची असतील तर खाली कापडी आसन किंवा रबरी मॅट हवीच, कारण रिकामी वाटी फरशीवर वाजवण्याचा मोह कुठल्याही मुलाला आवरत नाही. वाऱ्याने आपटणाऱ्या दाराच्या दोन्ही बाजूंच्या मुठींना एक जुनी ओढणी अशी बांधा की ती दाराच्या कडेवरून जाईल. दार आपटत नाही आणि बोटंही चेमटत नाहीत.

बाथरूम विसरू नका. तिथली खिडकी डक्टमध्ये उघडते आणि तो डक्ट सगळ्या मजल्यांवरून गेलेला असतो. शी धुताना मूल किंचाळलं तर ते पाचव्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये अगदी शेजारी असल्यासारखं ऐकू येतं. अंग पुसणं, कपडे बदलणं हे बाथरूममध्ये करण्यापेक्षा खोलीत आणून करा.

खिडक्यांचा पेच उरतोच. उघडी खिडकी आवाज परत पाठवत नाही, त्यामुळे घरात गलका कमी वाटतो; पण तो सगळा बाहेर जातो. मी हवेला प्राधान्य देते. दहा मुलं असलेल्या खोलीत खिडक्या बंद ठेवणं बरं नव्हे. शेजारच्या घराकडे तोंड असलेली खिडकी गोंधळाच्या वेळांपुरती लोटायची आणि रस्त्याकडची उघडी ठेवायची, एवढी तडजोड पुरते.

३. मोठ्यांचा आवाज आणि घरातली यंत्रं

आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे टिपलं आणि त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. पाळणाघरात याचा अर्थ असा: टीव्ही चालू आहे म्हणून मावशी जोरात बोलते, मावशी जोरात बोलते म्हणून मुलं ओरडतात, मुलं ओरडतात म्हणून तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता. ही साखळी मुलांपासून सुटत नाही. ती टीव्हीपासूनच सोडवावी लागते.

कुणी बघत नसताना टीव्ही आणि मोबाइलवरची बडबडगीतं बंद. मिक्सर, वॉशिंग मशीन, कुकर ही कामं मुलं यायच्या आधी किंवा ती खाली खेळायला गेलेली असताना उरकायची. कुकरची शिटी वाजली की चार मुलं तिची नक्कल करतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बॅटरीवर वाजणाऱ्या खेळण्यांच्या जाळीवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. गाडी वाजते, पण सोसण्याइतकी. वाढदिवसाला शिट्ट्या आणि पुंग्या वाटू नयेत हे पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगून टाका.

मग स्वतःचं बोलणं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारायची नाही, हा नियम आधी मोठ्यांसाठी. मुलाला काही सांगायचं असेल तर त्याच्याजवळ जा, खाली बसा, नाव घ्या, त्याने बघितलं की हळू आवाजात बोला. यात जास्त चालणं होतं, पाय दुखतात, मान्य आहे. पण दहा मुलांवर ओरडून सांगितलेलं एकालाही आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. मावशींनाही हे शिकवावं लागतं. त्यांच्या घरी, चाळीत, नळावर जोरात बोलायची सवय असते. त्यांना ‘हळू बोला’ म्हटलं तर राग येतो. ‘मावशी, तुम्ही जवळ जाऊन सांगितलंत की ती तुमचं पटकन ऐकतात’ असं म्हटलेलं चालतं, आणि ते खरंही आहे.

४. दिवसाची आखणी

मुलांना ओरडायला जागा आणि वेळ मिळाली की बाकीच्या वेळी ती कमी ओरडतात. सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला अर्धा-पाऊण तास खाली किंवा जवळच्या बागेत न्या. लंगडी, विषामृत, रुमालपाणी, जे काय पळापळीचं असेल ते तिथे. गच्चीवर नेण्याचा मोह टाळा. तिथला धोका आपण कितीही लक्ष ठेवलं तरी उरतोच.

खालून आल्यावर लगेच जेवण वाढू नका. हात-पाय धुणं, पाणी पिणं, मग दहा मिनिटं बसून करायचं काहीतरी: मेथी निवडणं, कणकेचे गोळे करणं, गोष्ट. आणि जेवण भूक लागायच्या पंधरा मिनिटं आधी. माझ्या पाहण्यात बाराच्या ठोक्याला वाढणाऱ्या घरांत पावणेबाराला हलकल्लोळ असतो; तेच जेवण पावणेबाराला आणलं की तो होतच नाही. वहीतल्या नोंदींवरून तुमच्या घरची वेळ काढा.

सगळी मुलं एका खोलीत ठेवू नका. कागदावर बघितलं तर मुलांची संख्या दुप्पट झाल्याने आवाज तीनच डेसिबलनी वाढायला हवा. प्रत्यक्षात प्रत्येक जण दुसऱ्यावर मात करायला आवाज चढवतो, म्हणून तो बराच जास्त वाढतो. पाच-पाचचे दोन गट, एक हॉलमध्ये पळापळीचा, एक आतल्या खोलीत चित्रांचा, आणि अर्ध्या तासाने अदलाबदल. एक मावशी आणि तुम्ही असाल तर हे जमतं. एकट्या असाल तर गट वेगवेगळ्या खोल्यांत करू नका. नजरेआड ठेवण्यापेक्षा गलका परवडला.

शाळेची मुलं व्हॅनमधून उतरतात ती वेळ वेगळी हाताळावी लागते. चार-पाच तास बाकावर बसून आलेली असतात. ‘शांत बसा, बाळं झोपलीत’ हे वाक्य त्यांच्या कानात शिरतच नाही. त्यांना दारातच अडवा. दप्तर, बूट, डबा ठरलेल्या जागी, आणि मग दहा मिनिटं ताकद लागणारं काम: पाण्याच्या बाटल्या भरून आणणं, गाद्या ओढून रचणं, भिंतीला दोन्ही हात लावून ‘भिंत ढकला’ची शर्यत. जोर लावून केलेल्या कामाने मुलं निवतात. जिन्यातला त्यांचा दंगा मात्र तुमच्याच खात्यावर जमा होतो, तेव्हा मावशींना खाली उभं करा आणि लिफ्टने किंवा हात धरून वर आणा.

पावसाळा हे वेगळंच प्रकरण आहे. जून-जुलैत सलग पाच-सहा दिवस खाली जाता आलं नाही की घराचा प्रेशर कुकर होतो. अशा दिवसांसाठी एक वेगळी पेटी बांधून ठेवा, जी एरवी उघडायची नाही: पुठ्ठ्याचे मोठे खोके, जुन्या साड्या, दोऱ्या, कपड्यांचे चिमटे. साड्यांचे तंबू बांधणं हा तासभराचा खेळ आहे. लटकलेलं कापड आवाज शोषतं, तो फायदा वर. गादीवरच्या उड्या त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोनदा. सोसायटीचं पार्किंग मोकळं असेल तर परवानगी घेऊन आणि गाड्यांच्या वेळा टाळून तेही वापरता येतं.

५. दुपारची झोप

एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुपारची झोप त्यातच धरलेली आहे. ती मोडली तर चारपासून सातपर्यंत किरकिर, आणि गलक्याचा मोठा वाटा या किरकिरीचा असतो.

झोपायची खोली स्वयंपाकघर आणि मुख्य दार या दोन्हींपासून लांबची निवडा. दाराखालच्या फटीतून खूप आवाज येतो. रबरी पट्टी लावा किंवा गोधडीची वळकटी ठेवा. बेल बंद करून दारावर ‘बाळं झोपली आहेत, फोन करा’ अशी पाटी. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवलं की कुरिअरवाले थेट वर येत नाहीत. मेथीच्या जुडीपासून भंगारवाल्यापर्यंत खालच्या हाळ्या मात्र चालूच राहणार. त्यांच्यावर पंख्याची घरघर हाच उतारा.

मोबाइलवर पावसाचा किंवा धबधब्याचा आवाज लावायची पद्धत हल्ली आली आहे. लावायचा तर अगदी मंद, आणि फोन बाळापासून निदान दोन मीटर लांब. उशीजवळ कधीच नाही.

पाच वर्षांच्या पुढची मुलं झोपत नाहीत. त्यांना बळजबरीने आडवं केलं तर ती बाकीच्यांना उठवतात. त्यांची ‘हळूवेळ’ हॉलमध्ये: पुस्तकं, कोडी, चित्रं, मणी ओवणं. मणी बाळं जागी असताना बाहेर काढायचे नाहीत.

६. आता मुलांना शिकवायचं

तीन आवाज ठरवा. मुंगीचा, चिमणीचा, वाघाचा. मुंगीचा म्हणजे कानात कुजबुज, चिमणीचा म्हणजे रोजचं बोलणं, वाघाचा फक्त खाली मैदानात. पहिला आठवडा याचा नुसता खेळ करा: एकाच वाक्याला तिन्ही आवाज, ‘मला पोळी हवी’ मुंगीच्या आवाजात, मग वाघाच्या. खेळ पक्का झाल्यावरच त्याचा वापर सुरू करा. ‘आता चिमणी’ एवढं म्हणायचं, पुढे काही नाही. ‘ओरडू नका’ म्हटलं की काय करायचं नाही ते कळतं, काय करायचं ते कळत नाही.

थांबायची एक खूण ठेवा. छोटी घंटा, दिवा एकदा बंद-चालू करणं, किंवा तुम्ही हात वर केला की सगळ्यांनी करायचा. दिवसातून तीन-चारदाच वापरा, जेवण, गोष्ट, झोप अशा बदलाच्या वेळी. उठसूट वाजवलेली घंटा मुलांना ऐकू येईनाशी होते.

स्टॅच्यू आणि कानगोष्टी हे दोन खेळ यासाठी सोन्यासारखे. तिसरा: डोळे मिटून मिनिटभर ऐकायचं आणि मग काय काय ऐकू आलं ते सांगायचं. कावळा, लिफ्ट, शेजारच्यांची फोडणी. चार वर्षांची मुलं हे मन लावून करतात.

तीन वर्षांखालच्यांकडून यातलं काही अपेक्षू नका. दीड वर्षाचं मूल किंचाळतं ते बहुतेकदा आपल्याला हा आवाज काढता येतो याचा आनंद म्हणून. त्याच्याकडे हसून बघितलंत किंवा दचकलात, की ते पुन्हा किंचाळतं. चेहरा निर्विकार ठेवून हातात दुसरं काहीतरी द्या.

रडण्याला गलक्यात धरू नका. नवीन मूल पहिले काही दिवस रडणारच. सुरुवातीला एक तास, मग दोन, मग जेवणापर्यंत, असं वाढवत न्या आणि पालकांना न सांगता पळून जाऊ देऊ नका. ‘टाटा’ करून गेलेल्या आईसाठी मूल रडतं आणि थांबतं. गुपचूप गेलेल्या आईला ते दिवसभर दारात शोधतं. रडणाऱ्या मुलाला बाजूच्या खोलीत एकटं ठेवणं हा शांततेचा उपाय कुठल्याही पाळणाघरात चालता कामा नये.

एखादं मूल सतत मोठ्यानेच बोलत असेल, पाठीमागून हाक मारली तर वळत नसेल, टीव्हीजवळ जाऊन बसत असेल, तर शिस्तीचा विचार बाजूला ठेवा. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येतं, आणि ते सहज लक्षात येत नाही. पालकांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दाखवायला सांगा. आणि घर अचानक गप्प झालं, तर आधी पाण्याची बादली, मग कात्री, मग पावडरचा डबा बघा.

७. तुमचे कान, तुमचा घसा

कारखान्यांसाठी ८५ डेसिबल आठ तास ही धोक्याची रेघ मानतात. पाळणाघरात दिवसभराची सरासरी तिथे जात नाही, पण खांद्यावर घेतलेलं बाळ कानाशी रडतं तेव्हा आवाज १०० च्या पुढे जातो. खांदा बदलत राहा, आणि लांबलचक रडणं असेल तर मावशींशी पाळी लावून घ्या. मुलांच्या हळूवेळेत तुम्हीही फोन लावू नका. आवाज सारखा बसत असेल, दोन-तीन आठवड्यांत सुटत नसेल, तर आलं-मधावर भागवू नका, डॉक्टरांकडे जा.

८. शेजारी

हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं काम. पाळणाघर सुरू करण्याआधी सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला लेखी कळवा, संमती लेखी घ्या. मग वरच्या, खालच्या आणि भिंत लागून असलेल्या घरी स्वतः जा. मुलं किती, वेळ कोणती, दुपारी कधी शांतता असेल हे सांगा आणि त्यांची अडचणीची वेळ विचारा. रात्रपाळी करणारा मुलगा, नुकतं ऑपरेशन झालेल्या काकू, ऑनलाइन मीटिंगा असलेली सून, प्रत्येक घरात काही ना काही असतं. तुमचा नंबर द्या आणि म्हणा, “त्रास झाला तर समितीच्या आधी मला फोन करा.”

फोन येईल तेव्हा ‘मुलंच आहेत हो’ म्हणू नका. कुठल्या वेळी, बोलण्याचा की आपटण्याचा, एवढं विचारा आणि वहीत लिहा. शक्य असेल तर त्यांच्या घरी जाऊन पाच मिनिटं बसा आणि मावशींना वर नेहमीसारखं चालू ठेवायला सांगा. आपल्याला जो आवाज जाणवतही नाही, कोपऱ्यातल्या स्टुलाचा, तोच खाली सर्वांत जास्त ऐकू येतो असं अनेकदा निघतं.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा दिली आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. हा आकडा माहीत असू द्या, पण वादात तो काढू नका. खालच्या काकूंच्या डोक्यात ठणका असतो तेव्हा मोबाइलवरचं मीटर दाखवणाऱ्या बाईशी त्या पुन्हा बोलत नाहीत.

संध्याकाळी पालक येतात तेव्हा दारातल्या गप्पा जिन्यात घुमतात, आणि यात दोष मोठ्यांचा असतो. दिवसभराचं सांगायचं असेल तर पालकांना आत घ्या, दार लावा. चौघं एकदम येत असतील तर दहा-दहा मिनिटांच्या वेळा ठरवून द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये इमारतीत कुणाची दहावी-बारावी आहे का ते आधीच विचारून ठेवा. वेळापत्रकाचा फोटो मागून घ्या, फ्रिजवर लावा. पेपरच्या आदल्या दिवशी चारनंतर सगळ्या मुलांना खाली न्यायचं, उन्हं उतरेपर्यंत वर आणायचं नाही. पालकांनाही मुलं खालूनच घेऊन जायला सांगायचं, आणि हे त्या विद्यार्थ्याच्या आईला आदल्या आठवड्यातच कळवायचं.